होडेकरांच्या हाताचं वळण

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मोरवणे बंदरातल्या शिपयार्डमध्ये एकतीस नंबरच्या जहाजाच्या तळटाकीतून पाणी झिरपलं. धार नव्हती. पोलादी पत्र्याला घाम फुटावा तसा एक ओला ठिपका दिसला. तपासनिसाने तो पुसला. तो पुन्हा दिसला.

जहाज म्हणजे हायड्रोजनवर चालणारी प्रवासी फेरी. एप्रिलमध्ये ती पाण्यात उतरायची होती. टाकीत दाबाखाली पाणी भरून जोड तपासायचं काम चाललं होतं, ते थांबवलं. टाकी रिकामी झाल्यावर संशयित जोडावर लाल रसायन फासलं, पुसलं आणि वरून पांढरी पूड फवारली. पोलादात केसाएवढी जरी चीर असली तरी आत मुरलेला लाल रंग पुडीत उतरतो. तो उतरला. तांदळाच्या दाण्याएवढा, पाच टोकांचा तारा. वेल्डिंगच्या ओळीच्या अगदी शेवटी.

प्रत्येक जोडाशेजारी तो करणाऱ्याचा क्रमांक ठोकलेला असतो. हा जोड दीपश्री शिवलकरचा होता.

दुपारपर्यंत आणखी तारे सापडले. सगळे ओळीच्या शेवटी. पक्क्या वेल्डरांच्या जोडांत एकही नव्हता. ज्यांच्या जोडांत होते ते अकरा जण एकाच तुकडीतले शिकाऊ उमेदवार होते.

"अकरा जण, एकच चूक," कॅन्टीनमध्ये प्रणय मयेकर म्हणाला. तो त्याच तुकडीतला. "गावात दोन माणसांचं एकमत होत नाय. आपलं बघा."

दीपश्रीने चहाची बशी उचलली. तळव्यावर नाही, अंगठा आणि दोन बोटांवर तोललेली, कड जराशी आपल्याकडे झुकवलेली. समोर बसलेल्या प्रणयने त्याच क्षणी आपली बशी तशीच उचलली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही बशी खाली ठेवली.

त्या तुकडीतले सगळेच चहा तसा पीत. दाऊद होडेकर पीत तसा.

*

बाहीचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. यार्डात सगळे तिला बाहीच म्हणत, कारण ती दिसायची तशी: खांद्यापासून बोटांच्या पेरांपर्यंत येणारी, पातळ, करड्या रंगाची, आतून गार.

स्नायू आखडण्याआधी त्यात अगदी क्षीण वीज खेळते. ती त्वचेवरून मोजता येते, हे शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. बाही ती वीज टिपायची: कोणता स्नायू, केव्हा, किती. एखाद्या कसबी माणसाने बाही चढवून काम केलं की त्याच्या हाताचा सगळा हिशेब साठवला जायचा. मग तीच बाही शिकाऊ मुलाच्या हातावर चढवायची आणि क्रिया उलटी फिरवायची. आता बाही वीज मोजत नसे, देत असे. सौम्य झिणझिण्या येत आणि मुलाचे स्नायू त्याच क्रमाने, त्याच जोराने आखडत.

एवढ्याने शिक्षण होत नाही. नुसती वीज दिली तर हात कठपुतळीसारखा हलतो आणि वीज थांबली की विसरतो. पण मुलाच्या मनात त्याच क्षणी तेच करायची इच्छा असेल, तर मेंदूचा मागचा भाग फसतो. ही हालचाल आपणच केली असं तो धरून चालतो आणि ती आपल्या खात्यात जमा करतो. सायकल यावी तसं काम येतं. डोक्यावरच्या पत्र्याचं वेल्डिंग, ज्याला माणसाची तीन-चार वर्षं जायची, ते सहा आठवड्यांत येऊ लागलं. जुने वेल्डर निवृत्त होत होते, मधल्या वयाचे आखाताकडे गेले होते. यार्डाला घाई होती.

हात निवडला तो दाऊद होडेकरांचा. त्यांचे वडील लाकडी मचवे बांधायचे. दाऊद पोलादाकडे वळले आणि त्यांचे जोड क्ष-किरणांखाली कधी नापास झाले नाहीत. करारावर सही करताना त्यांनी विचारलं होतं, "पण हात माझ्याकडंच ऱ्हाणार ना?"

सगळे हसले होते. दाऊदही हसले होते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही बरीचशी गेली. 'हां' आणि 'नाय' एवढे दोन शब्द उरले, आणि ते कधीकधी अदलाबदल होऊन बाहेर पडत.

*

दीपश्री त्यांना भेटायला पहिल्यांदा गेली तेव्हा तिने दारावर टकटक केली. आतून बाईचा आवाज आला.

"दार उघडंच हाय. चपला भाईर काढा, किती वेळा सांगायचं."

हमिदाचाची, दाऊदच्या पत्नी, हातातलं फडकं तसंच घेऊन दारात आल्या. त्यांनी दीपश्रीकडे पाहिलं, तिच्या मागे पाहिलं.

"दार कुणी वाजवलं?"

"मी, चाची."

"परत वाजव."

तिने वाजवलं. वाकवलेल्या बोटाने दोन ठोके लागोपाठ, मग थोडं थांबून तिसरा. आपण पूर्वी दार कसं वाजवत होतो हे आठवायचा तिने प्रयत्न केला. आठवलं नाही.

हमिदाचाचींनी आत जाऊन चहा टाकला. दीपश्रीने बशी उचलली तेव्हाही त्यांनी पाहिलं, आणि मग साखरेचा डबा पुढे सरकवत म्हणाल्या, "साखर किती, ती तरी तुझी तू ठरवतेस ना?"

"ती माझीच, चाची."

"मग बरं."

रत्नागिरीतल्या एका पुनर्वसन केंद्रात दोन साध्या बाह्या होत्या. हाताचं वळण साठवून पुन्हा द्यायची सोय त्यांच्यात नव्हती. एक बाही धडधाकट माणसाच्या हातावर, दुसरी रुग्णाच्या. एकाने हात हलवला की दुसऱ्याच्या स्नायूंना तोच संदेश त्याच क्षणी पोचतो. मेंदूचा जो भाग मेला त्याच्या शेजारचा भाग काम उचलेल, अशी आशा असते. दाऊदच्या बाबतीत हमिदाचाचींनी स्वतःचा हात देऊन पाहिला, मग पुतण्याचा. महिनाभर काही झालं नाही. तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्ट नेहा बेंडखळे यांना कुणीतरी यार्डातल्या तुकडीबद्दल सांगितलं. परक्याच्या संदेशापेक्षा स्वतःच्याच जुन्या वळणाचा संदेश हात लवकर ओळखेल, असं त्यांना वाटलं. तसं कुठे सिद्ध झालेलं नव्हतं. दीपश्रीची सोमवारी दुसरी पाळी असे, म्हणून ती सकाळी जाऊ लागली.

टाकी झिरपली त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, दाऊदचा अंगठा हलला होता.

*

गुरुवारी डॉक्टर केतकी वर्तक यांनी अकराही जणांना प्रशिक्षण केंद्रात बोलावलं. वर्तक केंद्राच्या प्रमुख, बाही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. त्या दोन रात्री झोपलेल्या दिसत नव्हत्या.

"दोष तुमचा नाही," त्यांनी सुरुवातच अशी केली. "दोष सापडला आहे. ऐका."

त्यांनी दाऊदचं मूळ ध्वनिमुद्रण लावलं. बाहीबरोबर खोलीतला आवाजही टिपला जायचा. आजवर तो कुणी ऐकला नव्हता, कारण त्याची गरज पडली नव्हती.

आधी वेल्डिंगची चरचर. ती थांबली. मग दाऊदचा आवाज, मुखवट्याआडून आल्यासारखा दबका:

"हायस?"

कुणाचंही उत्तर नाही. काही क्षण शांतता. मग चरचर पुन्हा, अगदी थोडी. मग संपलं.

पुढची ओळ. चरचर. "हायस?" शांतता. थोडी चरचर.

"हे काय आहे, कुणाला माहीत आहे?" वर्तकांनी विचारलं.

"टाकीतली हाक," दीपश्री म्हणाली. "आमच्या बाबांच्या वेळी होती."

बंद टाकीत वेल्डिंग करताना हवा कधी बिघडेल सांगता येत नाही. म्हणून पूर्वी तोंडाशी एक माणूस उभा असे. आतला प्रत्येक ओळीनंतर ओरडायचा, "हायस?" बाहेरचा म्हणायचा, "हाय." आतून हाक आली नाही तर बाहेरच्याने धावायचं, बाहेरून उत्तर आलं नाही तर आतल्याने निघायचं. आता प्रत्येकाच्या छातीवर वायुमापक असतो. तोंडाशी कुणी उभं राहत नाही, आणि हाकही कुणी मारत नाही.

"रेकॉर्डिंग झालं ते या खोलीत," वर्तक म्हणाल्या. "इथे टाकी नव्हती, बाहेर माणूसही नव्हता. तरी त्यांनी प्रत्येक वेळी हाक मारली आणि उत्तराची वाट पाहिली. वाट पाहताना हाताचा एकही स्नायू काम करत नाही. आमच्या प्रणालीला ती रिकामी जागा दिसली. शिकवण्याचा वेळ वाचावा म्हणून ती आपोआप कापली गेली. सगळीकडे."

मग त्यांनी फळ्यावर आकृती काढली. वेल्डिंगची ओळ जिथे संपते तिथे वितळलेल्या धातूचा छोटा खड्डा राहतो. तो थंड होताना सगळ्या बाजूंनी आवळतो आणि मधोमध फाटू शकतो. दाऊद ओळ संपवून रॉड उचलत, हाक मारत, उत्तर येईपर्यंत थांबत. तेवढ्यात खड्डा हवा तेवढा निवे. मग ते परत टेकून तो भरून टाकत. तुकडीच्या हातांना उचलणं आलं, परत टेकणंही आलं. मधलं थांबणं आलं नाही. खड्डा धड आवळण्याआधीच त्यात दुसरा थेंब पडत होता, दोन्ही एकदम आवळत होते, आणि मध्ये तारा उमटत होता.

"त्यांनी कधी सांगितलं नाही?" प्रणयने विचारलं.

"त्यांना विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. ते वेल्डिंगसाठी थांबतच नव्हते. ते माणसासाठी थांबत होते. आणि मी विचारलंही नाही." वर्तकांनी खडू ठेवला. "आता पुढचं. जहाजांना प्रमाणपत्र देणारी संस्था आणि विमा कंपनी, दोघांचं एकच म्हणणं आहे. होडेकरांचं रेकॉर्डिंग आजपासून सीलबंद. आणि तुमचे हात बदलायचे."

"बदलायचे म्हणजे?"

"मेंदूतून काही पुसता येत नाही. जुन्या वळणावर नवं गिरवायचं, जुनं बुजेपर्यंत. नवा हात चाळीस वेल्डरांची सरासरी काढून तयार केला आहे. त्याला मानक हात म्हणतात."

"म्हणजे कुणाचाच नाही असा."

"हो. म्हणून त्याला कुणाची सवय नाही." त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "सोमवारी सकाळी नऊपासून. एकदा सुरू झालं की जुना हात पुन्हा उभा राहत नाही, हे समजून या. एक वाजेपर्यंत जो बाही चढवेल तो तुकडीत राहील. नाही चढवली तर उमेदवारी रद्द होईल. हा नियम माझा नाही."

सगळे उठले. दीपश्री बसून राहिली.

"मॅडम, माझा हात साठवून ठेवता येईल? आधी? चाचांच्या उपचारासाठी."

वर्तकांनी नाही म्हणायला वेळ घेतला. "तुझ्या हातात जे आहे ते त्यांचंच रेकॉर्डिंग आहे. करारानुसार ते यार्डाचं. ते सीलबंद झालं म्हणजे त्याची नक्कलही सीलबंद झाली."

"मग हात नका बदलू. हाक शिकवा. आम्ही थांबायला शिकू."

वर्तक दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"शनिवारी सकाळी ये. सगळ्यांना घेऊन ये."

*

शनिवारी केंद्राच्या आवारात जुन्या टाकीचा एक तुकडा आणून ठेवला होता. एकाने आत जाऊन चाचणीचा एक पोलादी तुकडा जोडायचा, एकाने तोंडाशी उभं राहायचं. दीपश्री पहिली गेली. बाहेर प्रणय.

आत तिने ओळ ओढली, रॉड उचलला. हात परत टेकायला निघाला. ती स्वतःहून निघाली नव्हती, हात निघाला होता. तिने तो धरून ठेवला, जशी उतारावर सायकल धरावी.

"हायस?"

"हाय," बाहेरून प्रणय म्हणाला. मग म्हणाला, "जाणार कुठं? दुसरी नोकरी हाय काय मला?"

ती मुखवट्याआड हसली आणि मग टेकली. खड्डा भरला.

तिचा तुकडा स्वच्छ निघाला. आणखी सहा जणांचे निघाले. प्रणयच्या तुकड्यात दोन तारे होते. "हाक मारली मी," तो सांगत होता. "पण तोंडानं मारली. हात पुढं गेलेला." दुसऱ्या एकाला हाक मारायची आठवणच राहिली नव्हती. वर्तकांनी सगळ्या तुकड्यांचे निकाल त्याच दुपारी पाठवले. संध्याकाळी विमा कंपनीचं उत्तर आलं. वर्तकांनी ते दीपश्रीला फोनवर वाचून दाखवलं. माणूस हाक मारायची आठवण ठेवेल, या भरवशावर जहाजाचा विमा उतरवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

"चुकीचं नाही म्हणत ते," वर्तक म्हणाल्या.

"माझा तुकडा स्वच्छ होता, मॅडम."

"हो. मी तेही लिहिलं होतं."

*

दीपश्रीच्या आईची, सुनंदाची, यार्डाच्या फाटकाबाहेर खानावळ होती. रविवारी ती बंद असे आणि रविवारी भाकऱ्या घरापुरत्याच व्हायच्या. दीपश्री तांदळाचं पीठ मळून थापायला बसली. सुनंदा बाजूला कोकमाची सोलं निवडत होती. थोडा वेळ तिने ऐकून घेतलं.

"भाकरी थापतेस की पत्रा ठोकतेस?"

"गोल होतेय ना?"

"गोल होतेय. माझ्यासारखी नाय होत." सुनंदाने मान वर केली नाही. "दहा वर्षांची होतीस तेव्हा शिकवली तुला. बायका म्हणायच्या, डोळे मिटून आवाज ऐकला तर मायलेकीत फरक कळत नाय. आता आवाज येतो तो कुणाचा तरी. परक्या बाप्याचा हात घेऊन घरात वावरतेस. भांडी धरतेस तशी, केस बांधतेस तसे. काल झाडू धरलेलास तर मला वाटलं, हा कोण घरात शिरला."

"उद्या बदलणार आहेत."

"बरं करतायत. निदान तुझा हात परत येईल."

"तो नाही यायचा, आई. तो खाली गेला. त्याच्यावर चाचांचा. आता चाचांच्या वर आणखी एक. कुणाचाच नाही असा."

"कुणाचाच नाय तो बरा," सुनंदा म्हणाली. "त्याच्या बायकोला तोंड तरी दाखवायला नको."

तव्यावरची भाकरी फुगली. दीपश्रीने ती चिमटा न घेता बोटांनीच उलटली. दाऊदची बोटं उष्णतेला सरावलेली होती. तिची नव्हती. तिने बोटं तोंडात घातली.

"बघ," सुनंदा म्हणाली. "कातडी तुझीच हाय अजून."

सुनंदाने आणखी मूठभर सोलं पुढ्यात ओढली.

"त्यांना खरंच फरक पडतो? तू जातेस त्याचा?"

"अंगठा हलला."

"अंगठ्यानं काय होतंय?"

"अंगठ्याशिवाय भाकरी थापून बघ."

"उद्या नाय गेलीस तर पोटाला काय बांधणार ते सांग. अंगठा दोघींचं पोट भरणार हाय काय? चार वर्षं मी त्या फाटकाशी चुलीपुढं बसले, तू आत जावीस म्हणून."

दीपश्री हात धुवायला मागीलदारी गेली. परत आली तेव्हा सुनंदा तिच्या पाटावर बसली होती. उजवा अंगठा तळव्यात मुडपून उरल्या पिठाचा गोळा थापायला बघत होती. गोळा एका बाजूला कलला, कडेने फाटला. मुलगी दारात उभी आहे हे दिसताच तिने अंगठा बाहेर काढला आणि गोळा नेहमीसारखा झपाझप थापून तव्यावर टाकला.

*

सोमवारी नऊ वाजता केंद्राच्या हॉलमध्ये अकरा खुर्च्या मांडलेल्या होत्या, प्रत्येक खुर्चीच्या हातावर एक बाही. दहा भरल्या. साडेनऊला प्रणयचा फोन आला.

"दीपे, चढवलीय मी. मुंग्या येतायत. खास काय नाय. चहा आणलेला, बशी नेहमीसारखी धरून बघितली." त्याने चहाचा घोट घेतला. "अजून जमतेय. दुपारपर्यंत जाईल म्हणतात."

"बरं."

"मॅडमनी तुझी बाही उचलू दिली नाय. हॉलमधला मुलगा उचलायला गेला तर म्हणाल्या, राहू दे. एक वाजेपर्यंत हॉल उघडा हाय, असं तुला सांग म्हणाल्या. आणि त्यांनी सांगायला लावलं, हे सांगू नको म्हणाल्या."

दीपश्री तेव्हा रत्नागिरीच्या एसटीत होती. आईला ती यार्डात जाते असं सांगून निघाली नव्हती आणि रत्नागिरीला जाते असंही. सुनंदाने विचारलं नव्हतं. डबा मात्र तिने दोन माणसांचा भरला होता.

पुनर्वसन केंद्रात दाऊद खुर्चीत बसले होते. दाढी हमिदाचाचींनी केलेली दिसत होती, हनुवटीवर एक पांढरा झुबका राहिला होता. दीपश्रीला पाहून ते म्हणाले, "नाय."

"म्हणजे हां," हमिदाचाचींनी सांगितलं. मग त्या दीपश्रीला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "यार्डातली पोरं बोलली मला. आज तुझं तिकडं काम हाय."

"एक वाजेपर्यंत आहे."

"मग आलीस कशाला? आमचं झालंय काय व्हायचं ते. तुझं व्हायचंय."

"आज एकदा करू, चाची."

"एकदाच," हमिदाचाची म्हणाल्या. त्यांनी स्वतःच तिच्या हातावर बाही ओढली, कोपरापाशी पडलेली घडी सारखी केली. नवऱ्याच्या शर्टाची करावी तशी.

बेंडखळेंनी दाऊदच्या हातावर दुसरी बाही चढवली आणि पडद्याकडे वळल्या. पडद्यावर दोन रेषा होत्या. वरची दीपश्रीच्या हाताची, खालची दाऊदच्या. ती हात हलवे तेव्हा वरची रेषा उसळायची आणि पाठोपाठ, बाही ढकलत असल्यामुळे, खालचीही. तिचा हात थांबला की दोन्ही सपाट.

आजवर त्यांनी पेला उचलणं, बटण लावणं असले व्यायाम केले होते. आज दीपश्रीने पेला बाजूला केला. तिने रॉड धरावा तशी मूठ केली आणि टेबलाच्या कडेवर हवेतच ओळ ओढायला सुरुवात केली. वरची रेषा भरगच्च झाली. खालची तिच्यामागून. दाऊदच्या मांडीवरचा निर्जीव हात, बाहीने हलवल्यावर हलतो तितपत, हलत होता. त्यांची नजर तिच्या मुठीवर होती.

ओळ संपली. तिने मूठ उचलली. हात परत टेकायला निघाला, तो तिने धरला.

"हायस?" ती म्हणाली.

दोन्ही रेषा सपाट झाल्या. खोलीत पंख्याचा आवाज होता. दाऊदचे ओठ हलले, शब्द आला नाही. तिने वाट पाहिली. हात जड झाला, तरी धरून ठेवला.

मग खालची रेषा उसळली.

फार नाही. एक बारका उंचवटा, त्यामागून आणखी एक. वरची रेषा सपाटच होती.

बेंडखळे पडद्याच्या जवळ गेल्या. त्यांनी रेषा मागे सरकवून तेवढाच भाग पुन्हा पाहिला. दीपश्रीची बाही त्या क्षणी काहीच पाठवत नव्हती, हे त्यांनी दोनदा तपासलं.

"हे तुझ्याकडून गेलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग?"

"तारेतला गोंधळही असू शकतो. कधीकधी असतो. एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही." त्यांनी त्या उंचवट्यावर बोट टेकवलं. "उद्या पुन्हा करायला हवं. अगदी असंच. मधे थांबून."

"तिचाच हात लागेल?" हमिदाचाचींनी विचारलं.

"असंच हवं असेल तर, हो."

हमिदाचाची दीपश्रीकडे बघत नव्हत्या. त्या नवऱ्याच्या हनुवटीवरचा राहिलेला झुबका बोटाने चाचपत होत्या.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. मोरवण्याची एसटी बाराला सुटते आणि फाटकाशी एकला दहा मिनिटं कमी असताना पोचते. दीपश्रीच्या पिशवीत फोन वाजत होता. बाही अजून तिच्या हातावर होती, आणि मूठ अजून उचललेलीच.